बिंदूचें स्तोम

सय्यद हैदर रझा यांच्याविषयीं मराठींत जें लिहिलें-बोललें जातें त्याचा आरंभ बहुधा एकाच कथेनें होतो. मंडला जिल्ह्यांतील ककैया गांवची प्राथमिक शाळा. वर्गांत लक्ष नसलेला एक मुलगा. आणि त्याचें चंचल मन ठिकाणावर यावें म्हणून भिंतीवर एक ठिपका काढून त्याच्याकडे पाहत बसावयास सांगणारे मास्तर. ही कथा खुद्द रझांनीं वारंवार सांगितलेली आहे. ती खोटी ठरविण्याची मला मुळींच इच्छा नाहीं. परंतु कीर्तनकारानें पूर्वरंगांतील अभंगाशींच घोटाळत राहावें आणि आख्यान लावूंच नये, तशी अवस्था या ठिपक्यानें आमच्या कलाविवेचनाची करून टाकली आहे. ठिपक्यावरून बिंदु, बिंदूवरून उपनिषदें, उपनिषदांवरून तंत्र, पंचमहाभूतें आणि कुंडलिनी! व्याख्यानाचा तास संपतो, टाळ्या पडतात, आणि सभागृहांतून बाहेर पडणाऱ्या श्रोत्याला रझांच्या एकाहि चित्रांत तांबडा रंग काळ्याच्या शेजारीं कसा बसला आहे हें कळलेलें नसतें.

मला जें म्हणावयाचें आहे तें आरंभींच सांगून टाकतों. रझा हे बिंदूचे चित्रकार म्हणून मोठे नाहींत. ते मोठे आहेत ते वाळवंटाचे चित्रकार म्हणून. १९७० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ‘राजस्थान’, ‘सौराष्ट्र’ अशा नांवांचीं जीं चित्रें त्यांनीं रंगविलीं तीं त्यांच्या दीर्घ कारकीर्दीचें शिखर होत, आणि पुढची बिंदूंची मालिका हा त्या शिखराचा उतार आहे. हें विधान पुष्कळांना अप्रिय वाटेल. रझांच्या बिंदूला हात लावणें म्हणजे भारतीय अध्यात्मालाच हात लावणें, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत इतकी रुजली आहे कीं, हा वाद चित्रकलेचा आहे हेंच प्रथम सिद्ध करावें लागतें.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा. वडील जंगलखात्यांत नोकरीस, त्यामुळें बालपण नर्मदेच्या खोऱ्यांतील दाट अरण्यांत गेलें. १९३९ ते १९४३ हीं वर्षें नागपूरच्या चित्रशाळेंत गेलीं. नागपूर त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडच्या राजधानीचें शहर होतें. तेथून मुंबई, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पोटासाठीं एका ब्लॉक बनविणाऱ्या स्टुडिओंत काम, आणि लँगहॅमर, फॉन लायडेन, श्लेसिंगर या हिटलरचा युरोप सोडून मुंबईस राहिलेल्या रसिकांचा सहवास. १९४७ सालीं सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि वऱ्हाडांतले गाडे यांच्याबरोबर त्यांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. फाळणीनंतर त्यांचीं भावंडें पाकिस्तानांत गेलीं, पहिली पत्नीहि गेली. रझा गेले नाहींत. रझा मराठी नव्हते. परंतु त्यांच्या हाताला वळण लागलें तें नागपुरांत आणि मुंबईंत. त्यांचा हिशेब मराठी मासिकांनीं केला तर तो परक्याच्या घरांत डोकावण्याचा प्रकार होत नाहीं.

१९४८ मध्यें काश्मिरांत त्यांची गांठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशीं पडली. चित्रें चांगलीं आहेत, पण त्यांत बांधणी नाहीं. सेझानचा अभ्यास करा, असा सल्ला त्यांनीं दिला. तरुण चित्रकारानें तो मनावर घेतला. १९५० सालीं फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि पुढें साठ वर्षें फ्रान्समध्येंच राहिले. १९५६ त तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत बर्कली येथें ते शिकवावयास गेले. बांधणी हातीं आली होती, कीर्तीहि आली होती. उणें होतें तें एकच. फ्रान्समधील खेड्यांचीं, चर्चचीं, रात्रींचीं जीं चित्रें ते काढीत होते तीं दुसऱ्या कोणा कुशल फ्रेंच चित्रकारानेंहि काढलीं असतीं. हें उणें आमच्या टीकाकारांच्या आधीं रझांच्याच लक्षांत आलें आणि ते पुनःपुन्हां हिंदुस्थानांत येऊं लागले. अजिंठा-वेरूळ झालें, काशी झाली, गुजराथ झाली, राजस्थान झालें.

येथें एक चमत्कार आहे, आणि त्याच्याकडे कोणीच पाहत नाहीं. अरण्यांत वाढलेल्या या माणसाला स्वतःची भाषा गंवसली ती झाडांत नव्हे, झाड नसलेल्या भूमींत. जंगलांत दृष्टीला अडथळे फार. पानांआड पान, सांवलींत सांवली, कोणत्याच वस्तूची कड स्पष्ट नाहीं. मरुभूमींत कड हीच पहिली गोष्ट दिसते. ऊन कोठें संपतें आणि सांवली कोठें सुरू होते यांत दुमत नसतें. भिंत ती भिंत आणि आकाश तें आकाश. जमीन रंगाची कंजूष असल्यामुळें माणसानें तेथें रंग स्वतःच्या अंगावर घेतला. पागोटें, ओढणी, घोड्याची झूल, दाराची चौकट, हीं सारीं भूमीच्या कृपणतेला दिलेलीं उत्तरें आहेत. बांधणी शिकण्यासाठीं पॅरिसला गेलेल्या या चित्रकाराला तिचा दुसरा अर्थ जयपुर-जोधपुरच्या रंगाऱ्यांनीं शिकविला असें कोणी गमतीनें म्हटलें तर मी हरकत घेणार नाहीं.

या काळांतील एखादें चित्र समोर घेऊन पाहावें. उंट नाहीं, किल्ला नाहीं, घागरा नाहीं. क्षितिजाची सरळ रेषाहि नाहीं. चित्रफलक लहानमोठ्या चौकटींत वांटलेला आहे आणि प्रत्येक चौकटीला जणूं स्वतःचें तापमान आहे. एकींत निखारा, दुसरींत हळद, तिसरींत भाजलेली वीट, मध्येंच हिरव्याची एखादी चीर. भोंवतीं रंगाची पट्टी. ती मेवाड-माळव्याच्या लघुचित्रांच्या हाशियांतून आलेली आहे हें सांगावयास पंडित नको. पण त्या पट्टीच्या आंत कुंचला लघुचित्रकाराचा नाहीं. तो मोकळा आहे, उतावळा आहे, कोठें कोठें बेफामहि आहे. बाहेर शिस्त आणि आंत वादळ! हा ताण जोंवर टिकतो तोंवर चित्र जिवंत राहतें.

आणि तो काळा रंग! आमच्या चित्रकलेच्या वर्गांतून सांवली म्हणजे प्रकाशाचा अभाव असें शिकवितात. पावसाच्या मुलखांत तें खरेंहि असेल. वाळवंटांत सांवली हा अभाव नव्हे, ती वस्तु आहे. तींत बसतां येतें, तींत पाणी ठेवतां येतें, तिच्यासाठीं भांडतां येतें. ‘राजस्थान’ चित्रांतील काळ्या चौकटी अशा आहेत. तांबड्याच्या भट्टींतून फिरून आलेला डोळा त्या काळ्यांत शिरतो आणि थंड होतो. १९८३ चें ‘सौराष्ट्र’ घ्या. दोन मीटर लांब आणि तितकेंच रुंद असें हें ॲक्रिलिक रंगांतील चित्र. सौराष्ट्र म्हणजे कांहीं मरुभूमि नव्हे, परंतु तिच्या उंबरठ्यावरचा तो रखरखीत प्रांत आहे आणि चित्राचा दाह राजस्थानचाच आहे. याहि चित्रांत काळें वर्तुळ आहे. पण तें अनेकांतील एक आहे. शेजारच्या चौकटींशीं झगडून त्याला आपली जागा मिळवावी लागते.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला असा कीं, राजस्थान म्हणजे सारी वाळू नव्हे. अरवलीच्या पूर्वेस तळीं आहेत, उदयपूर आहे; बुंदी-कोट्याचीं लघुचित्रें तर केळीच्या पानांनीं आणि जलाशयांनीं भरलेलीं आहेत. हा आक्षेप खरा आहे. रझांनीं दोन राजस्थानें एकत्र केलीं, एक पश्चिमेकडील उन्हाचें आणि दुसरें दरबारी चित्रकारांच्या कागदावरचें. भूगोलाच्या परीक्षेंत त्यांचे गुण कापले जातील. चित्रांत हा संयोगच फळाला आला. दुसरा आक्षेप अधिक कडवट असतो. पॅरिसला राहून वर्ष-दोन वर्षांनीं चार आठवडे हिंडून जाणाऱ्यास वाळवंट काय कळणार? पॉल क्ले हा स्विस-जर्मन चित्रकार १९१४ च्या एप्रिलमध्यें ट्यूनिशियांत जेमतेम दोन आठवडे होता, आणि त्या दोन आठवड्यांनीं त्याच्या रंगाचें सारें पुढचें आयुष्य ठरविलें. उलट फ्रोमांतँसारखे फ्रेंच चित्रकार अल्जीरियांत पुनःपुन्हां गेले, सहारावर उत्तम ग्रंथ लिहून आले आणि चित्रांत मात्र घोडेस्वार व ससाणेच आणले. किती दिवस राहिला याला महत्त्व नाहीं. परत येतांना काय टाकून आला याला आहे.

रझांचे सोबती मकबूल फिदा हुसेन यांचेंच उदाहरण पाहा. पंढरपुरास जन्मलेला हा चित्रकार १९६७ सालीं फिल्म्स डिव्हिजनसाठीं कॅमेरा घेऊन बुंदी, चितोड, जैसलमेर येथें हिंडला आणि ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लहानसा बोलपट (बोलपट कसला, त्यांत संवाद नाहींत, आहे तें विजय राघव राव यांचें संगीत) घेऊन आला. बर्लिनच्या महोत्सवांत त्याला लघुपटांचें सुवर्ण अस्वल मिळालें. छत्री, कंदील, जोडा अशा क्षुद्र वस्तु हुसेन वाळूवर, भिंतींपाशीं ठेवतात, आणि त्या एकाएकीं बोलक्या होतात. हुसेनांना भूमीवर ठेवावयास वस्तु लागते. रझा वस्तु काढून घेतात आणि भूमीलाच बोलावयास लावतात. दोघेहि खरे आहेत, कारण दोघांपैकीं कोणीहि राजस्थान विकावयास काढलेलें नाहीं.

विकावयास काढलेलें राजस्थान पाहावयाचें असेल तर आमच्या डोंबिवलीच्या नव्या सदनिकांतून पाहावें. दिवाणखान्याच्या भिंतीवर सोफ्याच्या कापडाशीं रंग जुळवून आणलेली तसबीर असते. डोईवर घडे घेतलेल्या घुंघटवाल्या तिघी, मागें उंटांची रांग आणि तिच्यामागें मावळता सूर्य. ज्या घरांत ही तसबीर असते त्याच घरांत हल्लीं बिंदूचें छापील चित्रहि असतें, आणि गृहस्थ मोठ्या अभिमानानें सांगतात कीं, हें सजावटीचें आणि हें आध्यात्मिक. मला दोहोंत फारसा फरक दिसत नाहीं. एकाकडे पाहून जयपुरची सहल आठवते, दुसऱ्याकडे पाहून आपण सुसंस्कृत आहोंत असें वाटतें. पाहण्याचें काम दोन्ही ठिकाणीं टळतें.

याचें मूळ आमच्या डोळ्याच्या संवयींत आहे. ठाणें-कल्याणचा मुलूख खाडीचा आणि भातशेतीचा. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस. हिरवें तेवढें सुंदर, हा आमचा बालपणापासूनचा सिद्धांत. आमच्या भाषेंत कोरड्या जमिनीला जीं विशेषणें आहेत तीं सारीं शिव्यांसारखीं आहेत: ओसाड, उजाड, भकास, वैराण. ज्या माणसाच्या बोलण्यांत रस नाहीं त्याला आम्ही रुक्ष म्हणतों. मुंबईच्या शाळेंतील जलरंगकारांनीं आम्हांला ओले रस्ते, घांटांतले ढग आणि देवळापुढचीं पाण्याचीं डबकीं दाखविलीं. तीं उत्तम होतीं, मीहि त्यांवरच वाढलों. पण त्या परंपरेच्या जोरावर वाळवंटाच्या चित्राकडे गेलें म्हणजे आधार सुटतो, आणि आधार सुटला कीं माणूस अर्थ शोधूं लागतो. मग बिंदु हाताशीं असतोच. त्याला अर्थ आहे, तो तयार आहे आणि तो संस्कृतांत आहे.

तरी पण, असें विचारतील, रझांनीं स्वतःच बिंदूला आपल्या साधनेचें केंद्र मानलें ना? मानलें; प्रामाणिकपणानें मानलें, यांत मला शंका नाहीं. परंतु चित्रकाराचें स्वतःविषयींचें म्हणणें ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि साक्षहि पुरी घ्यावी. काळें वर्तुळ रझांच्या चित्रांत १९५३ च्या सुमारासच आलेलें आहे; तेव्हां तो काळा सूर्य होता, घरांच्या वर टांगलेला, कांहींसा भयाण. राजस्थानच्या चित्रांत तोच सूर्य जमिनीवर उतरला आणि चौकटींच्या दाटींत उभा राहिला. पुढें मात्र तो मध्यभागीं सिंहासनावर बसला. वर्तुळ मधोमध, त्याच्या दोहों बाजूंस त्रिकोण, खालीं-वर समान पट्टे; उजवें झांकलें तर डावें पाहून तें पुरें करतां येतें. अशा चित्रांत कारागिरी कमी नाहीं, रंगहि गोड आहेत. पण बाहेरच्या शिस्तीला आंतून विरोध करणारें कोणी उरलें नाहीं. ऊन गेलें. १९८१ च्या ‘मां’ या चित्रांत अशोक वाजपेयींच्या कवितेची ओळ रझांनीं नागरी अक्षरांत लिहिली, ती तेथें शोभते, कारण तें चित्र अजून धगधगतें आहे. पुढें पुढें शब्द चित्राला टेंकू देऊं लागले.

बाजाराचें मत माझ्याविरुद्ध आहे हें मला ठाऊक आहे. ‘सौराष्ट्र’ २०१० सालीं लंडनच्या लिलांवांत सुमारें १६ कोटी ४२ लक्ष रुपयांना गेलें. १९८९ चें ‘जेस्टेशन’, ज्यांत बिंदु गादीवर पक्का बसलेला आहे, तें २०२३ सालीं मुंबईंत ५१ कोटी ७५ लक्षांना. तेरा वर्षांत रुपयाची किंमत बदलली, धनिकांची संख्या वाढली, तेव्हां या दोन आंकड्यांवरून मी कोणताहि सिद्धांत काढीत नाहीं. परंतु जे लोक या आंकड्यांवरून काढतात त्यांनीं २००९ च्या जानेवारींतील एक प्रसंग आठवावा. दिल्लींतील एका दालनांत रझांच्या चित्रांचें प्रदर्शन होतें आणि उद्घाटनाला खुद्द रझाच आले. शहाऐंशी वर्षांच्या त्या वृद्धानें भिंतींवरून नजर फिरविली आणि हीं चित्रें आपलीं नाहींत असें सांगितलें. चित्रकार हयात होता आणि तेथें उभा होता म्हणून खोटें उघडकीस आलें; जाणत्यांपैकीं कोणाचा डोळा त्याच्या आधीं खटकला नव्हता. २३ जुलै २०१६ रोजीं दिल्लींत रझा वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडल्यास वडिलांच्या कबरीशेजारीं त्यांना पुरलें. आतां असें सांगावयास कोण येणार?

मला याहून मोठी खंत दुसरी आहे. वाळवंट शोधावयास मराठी माणसाला राजस्थानांत जाण्याचें कारण नव्हतें. माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा पट्टा आमच्याच सह्याद्रीच्या पाठीशीं पसरलेला आहे. साहित्यानें तो पाहिला. व्यंकटेश माडगूळकरांचीं ‘माणदेशी माणसं’ १९४९ सालीं पुस्तकरूपानें आलीं आणि कोरड्या जमिनीवरचें माणूस मराठी गद्यांत प्रथमच कोणाच्या करुणेवांचून उभें राहिलें. माडगूळकर स्वतः चित्रें काढीत, हें विसरूं नये. पण ज्या ठसठशीतपणें त्यांच्या वाक्यांत माणदेशाची कड उमटली तशी ती मराठी चित्रफलकावर उमटलेली मला दिसत नाहीं. १९७२ चा दुष्काळ आला. वृत्तपत्रांतून भेगाळलेल्या जमिनीचीं छायाचित्रें आलीं, तीं आवश्यकच होतीं. परंतु त्या भेगाळ जमिनीला स्वतःचा रंग आहे, मार्च महिन्यांत ती दुपारीं तांबूस आणि संध्याकाळीं राखाडी होते, हें कोणी रंगविलें? नेमक्या त्याच वर्षांत पॅरिसमध्यें बसून रझा राजस्थान रंगवीत होते. बिंदूचें अनुकरण करणारे विद्यार्थी आमच्या कलाशाळांतून दरवर्षीं निघतात. राजस्थानच्या चित्रांपासून शिकून जतच्या माळावर जाऊन बसणारा एखादा निघाला असता तर रझांचें ऋण खऱ्या अर्थानें फिटलें असतें.

आमच्या भागाला संस्कृतीची उणीव आहे असें कोणी म्हणणार नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें. नाटकासाठीं ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुल्यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. कानाची आणि वाचनाची सोय आम्हीं पिढ्यान्‌पिढ्या केली. डोळ्याची केली नाहीं. चित्रप्रदर्शनें भरतात आणि आठवड्यानें भिंती मोकळ्या होतात. चांगलें चित्र वर्षानुवर्षें एकाच भिंतीवर असावें, येतां-जातां दिसावें, प्रथम नावडावें आणि पांचव्या वर्षीं आवडावें, ही सोय लक्षावधि वस्तीच्या या पट्ट्यांत कोणाच्या योजनेंत आहे असें माझ्या कानीं आलेलें नाहीं. आमच्या एका महाविद्यालयांत कलारसिक मंडळ काढावयाचें ठरलें तेव्हां त्याच्या पत्रकावर छापण्यासाठीं एकमतानें काय निवडलें गेलें? बिंदु!

तोंवर उपाय एकच, आणि तो फार खर्चाचा नाहीं. लोकलनें मुंबईस जावें. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतील जहांगीर निकल्सन संग्रहांत रझांचीं चित्रें आहेत. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयहि समोरच आहे. सगळीं चित्रें सदैव मांडलेलीं नसतात, तेव्हां आधीं चौकशी करून जावें, आणि विद्यार्थ्यांना बरोबर न्यावें. हें चित्र त्यांना कळणार नाहीं असें सांगणारे सहकारी भेटतील. त्यांच्याशीं वाद घालण्यांत वेळ दवडूं नये. मुलांना बिंदूचा अर्थ मात्र विचारूं नये. एखाद्या ‘राजस्थान’पुढें त्यांना पंधरा मिनिटें उभें करावें, आणि मग एवढेंच विचारावें: वैशाखांतली दुपार आहे, पाय भाजताहेत; या चित्रांत तुम्ही कोठें बसाल?